मयतीच्या फळ्यावरची मॅच

अनंतभाऊचं नाव काढलं का आजही माह्या डोक्यात तिडीक जाते. लोक म्हणतात, विमलताई, सोडा आता, माणूस चांगला हाये. असंन चांगला! मले नका सांगू.

हा अनंतभाऊ घाटंजीत सरकारी कारकून होता. रिटायर झाला आन् वर्षभरात उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं सुधरलं, पाय सुधरला, हात काही उचलेना. डॉक्टरनं सांगितलं, हात खांद्याच्या वर नेऊन रोज मोठ्ठं मोठ्ठं लिहा. आता घरात भिंत नव्हती काय? पण नाही! यानं बाजाराच्या तोंडचा मयतीचा फळा धरला.

त्या फळ्यावर कोण गेलं आन् किती वाजता नेणार, एवढंच लिहितात. खेड्यावरून येस्टीनं येणारे लोक पयले फळा पाह्यतात, मंग बाजारात शिरतात. मोबाईल आले तरी म्हातारे माणसं फळ्यालेच मानतात. आन् त्याच फळ्यावर हा शहाणा रोज सकाळी क्रिकेट लिहाले लागला.

सुरुवातीले एकच ओळ, वाकडीतिकडी. मंग दोन. मंग टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून कोण बाहेर पडलं, कोणत्या हिरोईनचं लगन जमलं, कबड्डीत कोणी माती खाल्ली, सारंच. 'कॅप्टनच्या डोक्यात भुसा भरला काय?' असं लिहे, आन् लोक खो खो हासत. येवढाले येवढाले अक्षरं! माहं ब्लाउज शिवाचं दुकान फळ्याले लागूनच. बायका म्हणत, एवढ्या माणसाईतून कसं यावं बाप्पा? मी भांडली. तं म्हणे, "विमलताई, हात उठतोय बघा! एक दिवस खाडा केला तर परत लुळा पडेल." आन् माहा बाप, भगवानराव, त्याचा पयला वाचक. चहाचा कप घेऊन उभा राहे. "अनंता, तो नो-बॉल होता, खोटं नको लिहू," म्हणून वाद घाले. बापाच्या तोंडाकडे पाहून मी चूप राह्यली.

आपण फायनल जिंकलो, आन् त्याच पहाटे झोपीतच बाप गेला.

माहा भाऊ गोपाल फळ्यापाशी गेला, तं फळा काठोकाठ भरलेला. गोपाल म्हणे, पुसा काका, बाबा गेले. आन् अनंतभाऊ काय म्हणाला, मालूम हाये? "अरे रे! पण केवढी मेहनत झाली रे, हात गळून गेलाय. खाली कोपरा आहे, तिथं लिहितो." गोपाल रडता रडता नाव सांगून, बाराची वेळ सांगून, बांबू आणाले गेला.

या माणसाच्या हाताले मोठं लिहाचीच सवय! बारीक लिहाले गेला, तं हात थरथरला. कोंबडी उकरून गेल्यावानी नुसत्या रेघोट्या. नाव लागे ना वेळ. त्यालेही दिसलं असंनच. तरी वरची मॅच पुसली नाही लेकाच्यानं. लोक आले, फायनल वाचली, हासले, गेले.

आमचं घर गावाबाहेर, नव्या प्लॉटाईच्या ले-आउटवर, शेजार अनोळखी. पुसदचे पाहुणे अजून रस्त्यात. बारा वाजून गेले. ज्या माणसानं उभ्या जन्मात गावातली एक मयत चुकवली नाही, त्याच्या दारात माणूस नाही! गोपाल, त्याचा साळा आन् एक भाडेकरू. चौथा खांदा म्या देला. आमच्यात बाईमाणसानं कधी देला नव्हता. रस्त्यात जिंकल्याचे फटाके फुटून राह्यलते.

तिसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन मी फळ्यापाशी गेली. तो नवी मॅच लिहून राह्यलता. त्याच्या तोंडासमोर सारं पुसलं. म्हणलं, "लिहा. भगवानराव वारले. तेरवी कधी, तेही लिहा. आन् खाली लिहा, का मयतीची बातमी म्या कोपऱ्यात टाकली, म्हणून कोणाले कळली नाही."

"विमलताई, लोक तोंडात शेण घालतील हो माझ्या."

"घालू द्या."

अर्ध्यावर त्याचा हात खाली पडला. डोळ्यात पाणी आणून खडू माह्याकडे केला. म्या हात मागं घेतला. "तुमच्याच हातानं." मंग त्यानं डाव्या हातानं आपलं उजवं कोपर उचलून धरलं आन् शेवटपर्यंत लिहिलं.

तेरवीले मांडव पुरला नाही. खेड्यापाड्यातून लोक आले, पंगतीवर पंगती उठल्या. जो तो म्हणे, "आम्हाले मालूमच नाही झालं व बाई." अनंतभाऊ दाराशी घुटमळत होता. गोपालनं बोलावून पंगतीत बसवलं. मी वाढत वाढत त्याच्या पानापाशी आली.

"पाह्यलं अनंतभाऊ, किती माणूस हाये? आज जेवाले हाये. मले त्या दिवशी उचलाले पायजे होता."

त्यानं पानाले हात लावला नाही. तसाच उठला. म्या उठू देला.