पाणी गेलं

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही मात्र आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

तेव्हा आम्ही सालवडला भाड्याच्या एका खोलीत राहायचो. मी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. बायकोला आठवा महिना संपत आलेला, आणि पोटात जुळं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"पहिल्याचे पाय खाली आहेत. दुसरं आडवं."

मी म्हणालो, "एका खोलीत दोन बिऱ्हाडं, बाई. जागा मिळेल तसं झोपणार."

त्या हसल्या नाहीत. "पाणी गेलं की हिला उभी करायची नाही, चालवायची नाही. कमरेखाली उशा घालून निजवायची आणि तशीच इथं आणायची. नाळ आधी खाली सरकली, तर वेळ मिळत नाही. कळलं?"

"कळलं." यंत्रातलं सगळं कळणाऱ्याला हे काय कळणार नाही!

शेजारच्या मावशींनाही मीच समजावलं. मावशी किनाऱ्यावरच्या गावातल्या, बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या. वाण्याकडे फोन होता. कारखान्याच्या गेटचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला.

बायको रोज बरगडीखाली हात लावून बघायची. तिथं एक डोकं टणक लागायचं. "अजून फिरलं नाही हो." मी तिला पायाळू पोराचे फायदे ऐकवायचो: पाठीत उसण भरली की लाथ मारायला बाहेरचा माणूस शोधायला नको. ती भिंतीकडे तोंड करायची.

त्या आठवड्यात नळ कोरडा होता. एका सकाळी मी यंत्र उघडून बसलो होतो, हात ग्रीसने बरबटलेले. गेटवरचा वॉचमन आला.

"आपके घर से फोन था. बोला, पानी चला गया."

"बोईसर में पानी रहता कब है?" मी म्हणालो. "जिस दिन आएगा, उस दिन बताना."

आजूबाजूचे हसले. विनोद जमला म्हणून मी तो आणखी दोघांना सांगितला. चहाच्या सुट्टीत पुन्हा तोच सांगत होतो, तेव्हा समोरचा म्हातारा ऑपरेटर कपात बघत म्हणाला, "नळाचं पाणी गेलं म्हणून कुणी कारखान्यात फोन करतं का रे?"

हातातल्या कपाचं पुढं काय झालं, मला आठवत नाही.

खोलीला कुलूप होतं. उंबरा ओला. अंगणातला नळ मात्र धो धो वाहत होता. सकाळीच कधीतरी पाणी आलेलं, पण बंद करायला कुणी नव्हतं.

वाणी म्हणाला, "तुमची वाट बघितली, मग मावशींनी मासळीच्या टेंपोतून नेली. तास होत आला."

पालघरला दवाखान्याच्या दारात मावशी बसल्या होत्या. लुगडं मांडीवर लाल झालेलं. नर्स म्हणाली, "नाळ सरकली होती. यांनी अख्खी वाट तिची कंबर मांडीवर उचलून धरली. आत ऑपरेशन चाललंय."

मावशींनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. "मी पानी गेला म्हनून सांगितला ना? तुला कं नलाचा वाटला?"

मी हात पाठीमागे लपवले. त्यांना तेवढ्यावरून कळलं. त्यांनी तोंड फिरवलं.

आतून एक रडणं आलं. मग काही नाही. दाराशी कान लावून उभा राहिलो, तरी काही नाही. दुसरं रडणं आलं तेव्हा ते मांजराच्या पिल्लाएवढं होतं.

दोघी मुली. धाकटीला बरेच दिवस कापसात गुंडाळून ठेवलं होतं.

शुद्धीवर आल्यावर बायकोने पहिलं विचारलं, "तुम्ही कुठं होता?"

मी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या. "फोनच लागत नव्हता गो. तो कं करील?" माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मावशी आता नाहीत. बायको वाण्याच्या त्या फोनला अजून शिव्या घालते. धाकटी पाय टाकायला फार उशिरा शिकली. थोरली अंगणभर पळायची आणि ही भिंतीला धरून उभी असायची. तेव्हा बायको म्हणायची, "त्या मेल्या फोनमुळं."

मी म्हणायचो, "हो ना."