मधला स्पीकर

हिर्डोशीहून सदाच्या शेजाऱ्याचा फोन आला, तेव्हा मी कापूरहोळच्या दुकानात भलामोठा वूफर उराशी धरून उभा होतो. "सदादादा गेला. बांधावर टेकला, तो उठलाच न्हाई..." दुकानदार विचारत होता, याच्या बदल्यात काय देऊ? उत्तर मला ठाऊक होतं, पण वूफर तिथेच ठेवून मी हिर्डोशीची वाट धरली.

सदा माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या आईला, मी तिला मावशी म्हणतो, कमी ऐकू येतं. टीव्हीपुढे सगळं घर हसलं, की मावशी इतरांची तोंडं बघून हसायची. सदाला ते फार लागायचं. "आईला बोलणं कळंल असं कायतरी बसवू," म्हणाला आणि सल्ल्याला धरलं कोणाला, तर मला! माझ्या भोरच्या घरात होम थिएटर आहे, म्हणजे मी जाणकार, हा त्याचा गैरसमज. तो मी मोठ्या कष्टाने जपला होता. अ‍ॅम्प्लिफायर घेतला, डावा-उजवा स्पीकर घेतला आणि मग मी छाती ठोकून दणदणाटासाठीचा वूफर घ्यायला लावला. ठेवला कुठे? भांड्यांच्या मांडणीखाली. सिनेमातल्या पहिल्याच हाणामारीला ताटं खाली आली आणि गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मावशीने शांतपणे विचारलं, "जेसीबी आला का रं?"

सदा पोट धरून हसला. "सायब, म्हशीला ऐकू गेलं, आईला न्हाई!" मग एकदम गंभीर झाला. "धडामधूम नको. ज्यातनं बोलणं येतं, तो मधला स्पीकर आण. ह्यो देऊन टाक."

तेराव्यानंतर त्याचे चुलते म्हणाले, "आता कशाला ते? इकून टाका." वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. "इकायचं न्हाई. आईंसाठी मांडलंय त्यांनी. भावजी, तुमी स्पीकर आणा."

आणला. या वेळी दुकानात बातम्या लावून, डोळे मिटून ऐकत बसलो, शब्दन् शब्द कळेपर्यंत. दुकानदार वैतागला, मी हललो नाही.

घरी बघतो तर टीव्हीखाली सदानं आधीच फळी ठोकून ठेवलेली, खाली बसलेल्या मावशीच्या कानाच्या उंचीला... स्पीकर तिथे ठेवला, सिनेमा लावला. पडद्यावरचा मुलगा आईला सांगत होता, लवकर परत येतो.

"खोटं बोलतंय मेलं!" मावशी ताडकन म्हणाली.

मी सिनेमा बंद करायला रिमोटकडे हात नेला. मावशीने तो बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. बोलू दे त्याला."