शीळफाट्याच्या चढावरची चूक

आदरणीय अण्णा केणी यांची आणि माझी पहिली भेट कळव्याच्या त्यांच्या गॅरेजात, एका बिघडलेल्या टेम्पोपाशी झाली. मी नुकतीच पदविका मिळवली होती आणि ती गळ्यात अडकवल्यासारखा वागत होतो. बॉनेटला हात घातला, तसे अण्णा म्हणाले, "आधी चालवून ये. गाडी काय सांगते ते आयक, मंग पाना उचल."

अण्णांनी ही शिस्त जन्मभर पाळली. मी पाळली नाही, त्याबद्दलच हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात धुराची तपासणी आली, तेव्हा वर्तकनगरचे एक निवृत्त शिक्षक आपली जुनी मोटार घेऊन आले. तपासणीत ती दोनदा नापास झाली होती. अण्णा भाचीच्या हळदीला गेले होते. मी गाडी चालवून पाहिलीच नाही. कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल इतकं कमी केलं, की यंत्रावरचा आकडा बरोबर आला. प्रमाणपत्र मिळालं. सरांनी माझी पाठ थोपटली.

आठवड्याभरात शीळफाट्याच्या चढावर इंजिनाला पेट्रोल पुरेना, ती बंद पडली, मागे घसरून दगडावर आदळली आणि सरांच्या पत्नीचा हात मोडला.

अण्णांनी ती गाडी चालवून पाहिली, मगच उघडली. चोकची तार गंजून अडकली होती, म्हणून पेट्रोल जास्त जात होतं. धूर त्यामुळे होता. स्क्रूवर ताजा ओरखडा होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"सर, चूक माझी झाली," अण्णा म्हणाले.

सर गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "तार तूच बदल. आणि बाईंना भेटून ये."

तार बदलली. बाईंकडे जायला तोंड नव्हतं. सर अण्णांशी धड बोलतही नसत, तरी प्लास्टर निघेपर्यंत बाईंना दवाखान्यात अण्णाच आपल्या गाडीतून नेत होते. सरांच्या कॉलनीतून पुढे एकही गाडी आमच्याकडे आली नाही.

परवा अण्णांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवसमितीच्या बैठकीत कुणीसं म्हणालं, "शीळफाट्याची ती एक सोडली, तर अण्णांच्या हातून कधी गाडी चुकली नाय." सगळे हसले. अण्णाही हसले. आणि मी, समितीचा चिटणीस, मीही हसलो. त्याची मला आजवर कशाचीच वाटली नाही एवढी लाज वाटते.

तीही अण्णांच्या हातून चुकली नव्हती. ती माझी होती.

सर आता नाहीत. बाई वर्तकनगरलाच असतात. या गौरवग्रंथाची पहिली प्रत घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. अण्णांनी सांगितलेलं ते एक काम अजून राहिलंय. ते झाल्याचं अण्णांसमोर उभं राहून सांगता यावं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं पंच्याहत्तरीतल्या आमच्या अण्णांनी ठणठणीत राहून आम्हाला कामं सांगत राहावीत, एवढंच मागणं.