अंगणातली कांदेबाग

कोकणातून माझी बदली एरंडोलला झाली ती कार्तिकात, आणि सगळी फजिती तिथेच सुरू झाली. वैशाखात झाली असती तर बसमधून उतरताच उन्हाने मला अक्कल शिकवली असती. पण कार्तिकात खानदेश असा काही मवाळ असतो, की वाटतं, आपण उगाच इतकी वर्षं चिखल तुडवला.

भाड्याच्या घरामागे तीस बाय वीस फुटांचं परस होतं. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कामाला, म्हणजे लोकांच्या शेताला पाणी कधी नि किती द्यावं हे कागदावर ठरवणं हाच माझा धंदा. मग स्वतःची बाग आखल्याशिवाय कशी लावणार? आलेखाच्या कागदावर सहा पोफळी, त्यांवर मिरीचे वेल, कडेला अबोली, कोपऱ्यात सोनचाफा काढला. पोफळी हिरव्या पेन्सिलीने रंगवल्या. कागदावर सगळं एका दिवसात जगलं.

पत्नीने या आराखड्यात एकच गोष्ट मागितली. तिच्या आईच्या परसातल्या अनंताची फांदी लावून केलेलं रोप तिने पत्र्याच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. आई त्याच वर्षी गेली होती आणि माहेरच्या घराला भावांनी कुलूप लावलं होतं. "बाकी काय हवं ते करा, हे तेवढं जगायला हवं," ती म्हणाली. मी तिला कागदावरचा चौकोन दाखवला. अगदी मधोमध, मानाची जागा, दिवसभर ऊन.

शेजारी एक वयस्कर शेतकरी राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. कुंपणापाशी मी त्यांना सांगितलं, बाग लावायचं चाललंय. त्यांचा चेहरा उजळला.

"कांदेबाग का? कितला हजार?"

आता या भागात बाग म्हणजे केळीचीच, आणि पावसाळा सरता सरता लावलेल्या केळीला कांदेबाग म्हणतात, हे मला कोण सांगणार? मला त्यातले कांदे तेवढे ऐकू आले. वाटलं, इथे घरोघरी कांदे लावायची रीत असेल. कांद्याची रोपं ती केवढी, हजार म्हणजे चार जुड्या. शिवाय नवख्या गावात माणसाने नाही म्हणू नये. "असू द्या एक हजार," मी ऐटीत म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दाराशी बैलगाडी उभी. गाडीत केळीचे कंद, एकेक नारळाएवढा. "वावर कोठे शे?" गाडीवानाने विचारलं. मी त्याला परस दाखवलं. त्याने परसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बैलांकडे. आमच्यात बैलच त्याला त्यातल्या त्यात शहाणे वाटले असावेत. नानांनी हसू दाबत गाडी स्वतःच्या मळ्याकडे वळवली आणि दहा कंद तेवढे पत्नीच्या हवाली केले. मग माझा कागद उलटसुलट पाहून म्हणाले, "साहेब, हाई बठ्ठं चैतमा जयी जाई." हे सगळं चैत्रात जळून जाईल. मी मनात म्हटलं, यांना सुपारी पानात घालण्यापुरतीच ठाऊक, आणि कोकणातून रोपं मागवून सगळं कागदाबरहुकूम लावलं.

चैत्रात नानांचा शब्द खरा झाला. गरम वाऱ्याने पोफळींची पानं पापडासारखी वाजायला लागली. मिरीने आधीच राम म्हटला होता. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतल्या एकीत माझी पेन्सिल गेली ती गेलीच. नळाला चार दिवसांआड पाणी येई, म्हणून मी झाडांच्या पाळ्यांचं वेळापत्रक केलं. अनंताची पानं कडेने करपली तेव्हा वेळापत्रकात दुरुस्ती केली. त्या दिवशी पत्नी न्हाणीघरात जाऊन रडली, आणि मला मनापासून स्वतःची लाज वाटली. आईची एवढीच खूण तिच्याजवळ होती, आणि मी ती चौकोनात बसवून भाजत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला न विचारता अनंत मुळाच्या मातीसकट उचलला. ते दहा कंद तिने थंडीतच पश्चिमेला, न्हाणीचं पाणी जातं तिथे लावले होते. नानांच्या घरच्या अक्कांनी त्यांच्यामागे शेवरी पेरून दिली होती, मळ्यात गरम वारा अडवायला पेरतात तशी. माझ्या आराखड्यात ती जागा 'सांडपाणी' म्हणून रिकामी होती. आता केळी पुरुषभर उंच झाल्या होत्या. अनंत त्यांच्या सावलीत गेला.

मला जे येतं ते मीही केलं. बदलीसाठी गुपचूप अर्ज केला.

आषाढात हुकूम आला. सरकारी कागद वेळेत यायची माझ्या नोकरीतली ती पहिलीच खेप. मी धावत घरी गेलो. पत्नी केळींखाली बसली होती. अनंताला नवी पालवी होती आणि तीन कळ्या.

"सुटलो एकदाचे. सामान बांधायला घे," मी म्हणालो.

तिने हुकूम हातातसुद्धा घेतला नाही. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आईला एकदा तिथून आणलं, एकदा त्या उन्हातून उचललं. आता पुन्हा उपटायचं माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी उलट्या पावली कचेरीत गेलो आणि बदली रद्द करावी असा अर्ज लिहायला बसलो. कारण काय द्यावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, सासूबाई येथे असतात. साहेबांनी सही करता करता त्यांची प्रकृती विचारली.

सुधारते आहे, मी म्हणालो.