धडधडीत झोपणारे नाना

नानांना झोप लागायची ती फक्त डिझेल इंजिनाच्या धडधडीत. चाळीसगावहून निघालेली आमची पॅसेंजर दुपारी धुळ्याला पोचली की परतीला तास-दीड तास असायचा. तेवढ्या वेळात नाना भाकर-ठेचा खाऊन केबिनमध्येच गोणपाट अंथरत, तोंडावर रुमाल घेत आणि अंग थरथरवणाऱ्या त्या गोंगाटात खुशाल घोरू लागत. मी त्यांचा सहायक ड्रायव्हर म्हणून नवाच लागलो होतो. मला वाटायचं, बिचारे सहन करतात.

नाना धुळ्याकडच्या खेड्यातले. गाडीवर अहिराणी बोलायचे. पुस्तकी मराठी फक्त साहेबांपुढे. डब्याच्या पिशवीत त्यांच्याकडे एक रंगीत पान होतं, कुठल्याशा अमेरिकन मासिकातलं. शेडमधल्या एका म्हाताऱ्या फोरमनने दिलेलं. त्यात चंदेरी डब्यांची लांबलचक गाडी डोंगराच्या कडेने वळत होती, पुढे फुगीर नाकाचं डिझेल इंजिन, आणि एका डब्याला काचेचं छत. आत माणसं पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवत बसलेली. आमच्या इंजिनाचं घराणं मूळ अमेरिकेतलं, हे नानांना फोरमननेच सांगितलेलं. तेव्हापासून ते इंजिन त्यांच्या सोयऱ्यातलं झालं होतं.

“आपली या इंजिननी मोठी बहीन शे ती,” ते म्हणायचे.

“नाना, पण त्या डब्यांत साहेबलोक जेवतायत. आपल्या डब्यात बकऱ्या आहेत.”

“आपला डब्बास्मा बकऱ्या शेतस, त्यासना डब्बास्मा साहेब शेतस. इंजिनले काय फरक पडस?”

असं म्हणायचे खरे, पण त्यांना फरक पडत होता. जन्मभर मालगाडी आणि पॅसेंजर हाकलेल्या या माणसाला एकदा जेवणाचा डबा लावलेली लांब पल्ल्याची मेल चालवायची होती. मेलच्या ड्रायव्हरांची यादी निघणार होती आणि नानांचं नाव त्यात नक्की मानलं जात होतं. एवढ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता. “एकदाव मेल हाकस, मंग घर बसाले मोकळा,” हे मी रोज ऐकत असे.

त्याच दिवसांत मी ती करामत केली. चैत्राचं ऊन, केबिनची भट्टी झालेली, नाना घोरत पडलेले. मला दया आली. म्हाताऱ्याला तासभर तरी शांत झोपू दे, म्हणून मी इंजिन बंद केलं. आवाज थांबला आणि नाना ताडकन उठून बसले. मेलेल्या माणसाकडे बघावं तसे इंजिनाकडे बघत राहिले.

“अरे, बॅटऱ्या बसेल शेतस यान्या. बंद पडनं का उठस नही हाई!”

उठलं नाहीच. स्टार्टचं बटण दाबावं, तर आतून नुसतं कण्हणं. चाळीसगावहून दुसरं इंजिन येईपर्यंत तीन तास गेले. गाडीत एक वऱ्हाड होतं. त्या वऱ्हाडाने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, “इंजिन कोणी बंद केलं?” माझी नोकरी अजून पक्की नव्हती. नाना पुढे झाले. “मीच केलं साहेब. डिझेल वाचवावं म्हटलं.”

साधं एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. यादी निघाली, त्यात नानांचं नाव नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, “चाल, चहा लेऊत.” तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही आणि माझी काढायची हिंमत झाली नाही. पॅसेंजर हाकतच ते निवृत्त झाले.

पुढे मार्गावर तारा आल्या. डिझेल गेलं. मी आता विजेच्या इंजिनावर असतो. आवाज नाही, धूर नाही, आणि लांबलेली ड्युटी संपल्यावर घरी जायचंही त्राण नाही. नाना धुळ्यात घरी बसून झोपेला मुकले. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, कावून सांगायच्या, “थंडीमा बी कूलर चालू ठेवतस. त्यासले आवाज लागस!”

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना अमेरिकेला घेऊन गेला. परतल्याचं कळलं तसा सुट्टी टाकून मी भेटायला गेलो. आता सांगून टाकायचंच, असं ठरवून गेलो होतो. नाना खूप उतरले होते. मुलाने त्यांना रेल्वेच्या संग्रहालयात नेऊन ते फुगीर नाकाचं इंजिन दाखवलं होतं.

“कसं होतं नाना?”

“थंडगार. पॉलिश मारी मारी आरसासारखं करेल शे. हात लावा ते आंगवर काटा उना. मी पोऱ्याले सांगं, चाल भो घर.”

मग मी बोललो. “नाना, त्या दिवशी धुळ्याला इंजिन मी बंद केलं होतं. तुमची मेल माझ्यामुळे गेली.” इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य.

नानांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. “तू कसाले बंद करशी? मीच करं व्हतं. डिझेल वाचाडाले. माले चांगलं याद शे.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, “आते बठ्ठासले, जो येस त्याले, असंच सांगतस. त्यासले खरंच वाटस.”

साहेबांपुढे एकदा बोललेलं खोटं बाळगता बाळगता नानांनी खरं करून टाकलं होतं. मला माफ करायला आता कुणी उरलं नव्हतं. मी पुन्हा सांगून पाहिलं, तसा नानांनी माझा हात धरला आणि नव्या पोराला समजवावं तसं गंभीरपणे म्हणाले, “देख भाऊ, दुसरासना दोष आपला डोकावर लेवानी सवय चांगली नही.”

महिन्याभराने नाना गेले. त्या दिवशी केबिनमध्ये माझ्याशिवाय फक्त तेच होते, आणि जाताना त्यांच्या लेखी मी निर्दोष होतो.