डावा कौल

महाडच्या तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मला बिरवाडीची एक पोरगी मनात भरली. आईने देवाचा कौल घ्यायला लावला. गुरवाने देवाला फूल चिकटवलं, ते डावीकडे पडलं. म्हणजे देव नाय म्हणाला. मी म्हटलं, परत लाव. गुरव खेकसला, "देव काय बहिरा हाय?"

रागारागाने तीळ घेऊन महाडला घाण्यावर गेलो. तेली इस्राएल, म्हणजे आपल्याकडचा यहुदी होता, शनिवारी घाणा बंद ठेवायचा. माझं ऐकून तो हसला.

"आमच्या पोथीत एकाने देवाकडे खूण मागितली, लोकर भिजू दे, भुई कोरडी ठेव. तसं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने उलटं मागितलं. देवाने न रागावता तेही केलं."

मी तडक देवळात आलो. "तेल्याचा देव दोनदा ऐकतो. आपला काय कमी हाय? आणि आता उलटं. डावीकडे पडलं तर होय!"

देवाच्या अब्रूसाठी गुरवाने फूल लावलं. ते पुन्हा डावीकडेच पडलं. लग्न झालं.

बायको आजही म्हणते, "देवाने दोनदा तुम्हाला सांगितलं. एकदा मला सांगायचं होतं."