मखरातलं अभ्रक

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी पेडण्याच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक मीटर आणि 'फाल्यां दितां' म्हणणारी माझी जीभ. फाल्यां म्हणजे उद्या. भाषेवरून सगळीकडे तंटे चाललेले. मी मराठीवाला, पण हा एक कोंकणी शब्द मला फारच मानवला होता.

चतुर्थीच्या चार दिवस आधी तेरेखोलचा एक म्हातारा गिटारवाला आपली अॅम्प्लिफायरची पेटी खांद्यावर घेऊन, फेरीबोट करून आला.

"पात्रांव, पेटी मुकी जाली. म्हजे बायलेक हे पेटयेबगर कांय आयकूं येना."

त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, कान गेलेले. हा पेटी खाटेला टेकवून गिटार वाजवी, ती पेटीच्या फळीवर तळहात ठेवून ऐके.

"चड दीस ना म्हणटा दोतोर," तो पेटीकडे बघत म्हणाला. चड म्हणजे फार.

शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून पेटी चालू केली. बल्ब भगभगून पेटला, म्हणजे आत शॉर्ट. मीटर लावला, पॉवरचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेलेले. सोपं काम. मी ऐटीत म्हटलं, "फाल्यां दितां!"

म्हापशाहून नवी जोडी आणली. या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग मागच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला टेकता कामा नये, टेकलं की शॉर्ट. मध्ये अभ्रकाचं पातळ पान घालतात. माझ्याकडे अशा पानांचा डबाच होता. तो बायकोनं पाहिला.

"अहो, एवढं चकचकीत दुकानात कुजवता?"

झालं. डबा रिकामा करून मखरावर अभ्रकाची फुलं उमलली. म्हाताऱ्याच्या पेटीतली जुनी दोन पानंसुद्धा मी पुसून तिथेच चिकटवली. ती झगमगावीत म्हणून शंभरचा बल्बही मखरासमोर टांगला. वाडा बघायला लोटला. मी फुगलो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा दारात. अभ्रक घरी, बल्ब घरी, आणि मी चारचौघांत नाक वर करून बसलेला. अभ्रकाऐवजी थोडं ग्रीस फासलं की भागेल, असं ठरवून ट्रान्झिस्टर तसेच कसले आणि बल्बाशिवाय पेटी सरळ लाइनवर लावली.

टप्प!

"पात्रांव, धूंवर येता न्हय?"

"नव्या पार्टाला असाच वास असतो," मी म्हणालो. मग म्हणालो, पार्ट मुंबईहून मागवावा लागेल. फाल्यां.

म्हापशाला पुन्हा हेलपाटा, पुन्हा जोडी, रेक्टिफायरही जळलेला, तोही नवा. मखरावरची दोन पानं अलगद सोडवून, धुऊन जागेवर घातली. बल्ब जोडला. क्षणभर लखलखला आणि मंदावला. सगळं ठीक असल्याची ती खूण. या सगळ्यात आणखी आठ दिवस गेले होते. पेटी मी स्वतः फेरीबोटीतून नेली.

अंगणात गादी उन्हाला घातलेली. खाट रिकामी.

"पयर गेली," म्हातारा म्हणाला. पयर म्हणजे परवा.

तरी त्यानं पेटीची पिन लावली. आतून बारीक गुणगुण सुरू झाली. गिटार भिंतीलाच राहिली. त्यानं फळीवर तळहात ठेवला.

"मुंबयच्यान आयलो मरे पार्ट?"

"होय," मी म्हणालो.

"देव बरें करूं."

त्यानंतर मी मखराला कधी अभ्रक लावलं नाही. दर चतुर्थीला बायको कारण विचारते. मी म्हणतो, फाल्यां सांगतो.